चिंताविकार आणि थेरपी : गुण किती येतो, मिळते कुठे, अडतं कशात?

उंबरठा

पॅनिक अटॅकवरच्या मागच्या धाग्यात चर्चेची गाडी सारखी 'थेरपीने खरंच काही होतं का' यावर घसरत होती, म्हणून हा वेगळा धागा. विनंती एकच : 'आमच्या ओळखीतल्या एकाला' छापाचे अनुभव तिकडेच राहू द्या. इथे पद्धत, प्रमाण आणि कुठे काय चुकतं एवढंच बोलू.

आधी हद्द आखून घेतो. चिंताविकार म्हणजे सततची काळजी (जनरलाइज्ड अँग्झायटी), पॅनिक (अचानक उसळणारी तीव्र भीती), ॲगोराफोबिया (जिथून निसटणं किंवा मदत मिळणं अवघड वाटतं अशा जागांची भीती), चारचौघांची भीती म्हणजे सोशल अँग्झायटी, एकेका गोष्टीचा फोबिया, आणि जवळच्या माणसापासून दूर होण्याची चिंता. ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केलेल्या कृती) आणि पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा विकार) २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत, या यादीतून बाहेर पडले. त्यांच्या उपचारांचे बारकावे वेगळे आहेत, त्यांची भेळ इथे नको.

'थेरपी' हा शब्द फार ढिला आहे. चिंताविकारांसाठी सर्वांत भक्कम पुरावा सीबीटीच्या (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी पद्धत) बाजूने आहे, आणि सीबीटीतलंही सर्वांत कष्टाचं काम करतो तो भाग म्हणजे एक्स्पोजर : ज्याला टाळतोय त्याला ठरवून, पुन्हा पुन्हा सामोरं जाणं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं उघडली तर मात्राही ठरलेली दिसते. पॅनिकला एकूण ७ ते १४ तास, सततच्या काळजीला साधारण १२ ते १५ साप्ताहिक सेशन, सोशल अँग्झायटीला दीड-दीड तासाची १४ सेशन. एकाच गोष्टीच्या फोबियाला तर स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेलं एकच लांबलचक सेशन, जास्तीत जास्त तीन तासांचं, पुष्कळदा पुरतं.

थेरपी मिळत नाही ही तक्रार खरीच आहे. पण मला त्याहून मोठी अडचण ही वाटते की जी मिळते तिच्यात पुष्कळदा हा मुख्य भागच नसतो. आठवड्याला तासभर मन मोकळं करणं, थोडा धीर, थोडा दीर्घ श्वास, की पुढची तारीख. माणूस वर्षभर जातो, बरंही वाटतं, आणि लिफ्ट मात्र तो टाळतच राहतो.

शंकेखोर

'भक्कम पुरावा' म्हणजे नेमका किती? नुसत्या वाट बघणाऱ्यांशी तुलना केली की कुठलाही उपचार उजळ दिसतो. लक्ष दिलं, विचारपूस केली, एवढ्यानेच माणसाला बरं वाटतं. तो भाग वजा केल्यावर हाती काय उरतं?

सरळरेघ

शंकेखोर, शंका रास्त आहे. वेटिंग लिस्टशी केलेल्या तुलनेत आकडे फुगतात, कारण 'थांबा, तुमचा नंबर लागेल' असं सांगितलेला माणूस मधल्या काळात स्वतःहूनही काही करत नाही.

म्हणून फक्त प्लासिबोशी (खोटी गोळी किंवा नुसतं बोलणं) तुलना केलेले प्रयोग बघावेत. २०१८ मध्ये कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी असे ४१ प्रयोग एकत्र केले. त्यात ओसीडी-पीटीएसडीचेही होते, ते ध्यानात ठेवा. सीबीटीचा परिणाम ०.५६ आला. साध्या भाषेत : सीबीटी घेतलेला सरासरी माणूस प्लासिबो गटातल्या १०० पैकी साधारण ७१ जणांपेक्षा बऱ्या अवस्थेत होता. चमत्कार नाही, पण मानसोपचारात हा चांगला आकडा समजतात.

दुसऱ्या बाजूने मोजलं तर उपचार पूर्ण करणाऱ्यांतल्या साधारण निम्म्यांना ठळक फरक पडतो. म्हणजे जवळपास निम्म्यांना पुरेसा पडत नाही. हे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगणारा थेरपिस्ट मला 'शंभर टक्के बरे व्हाल' म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

मुलांबद्दल : २००८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात (७ ते १७ वर्षांची ४८८ मुलं, १२ आठवडे) ठळक सुधारणा झालेल्यांचं प्रमाण असं होतं : सीबीटी आणि सर्ट्रालिन (चिंतेवरचं एक औषध) दोन्ही ८०.७%, नुसती सीबीटी ५९.७%, नुसतं सर्ट्रालिन ५४.९%, प्लासिबो २३.७%. प्लासिबोचे ते २३.७ म्हणजेच तुम्ही म्हणता ती विचारपूस.

कातरवेळ

एक्स्पोजरबद्दल सगळे बोलतात, पण ते करताना कुठे घसरतं ते कोणी सांगत नाही. लिफ्टचंच उदाहरण घेऊ.

बहुतेक ठिकाणी सुरुवात पायऱ्यांच्या यादीने होते : लिफ्टजवळ उभं राहणं २० गुण, आत जाऊन दार उघडं ठेवणं ३५, एक मजला ५०, एकट्याने दहा मजले ९०. भीती ० ते १०० मध्ये मोजायची ही पट्टी जोसेफ वोल्पी यांची. यादी ठीक आहे, पण यादीआधी एक प्रश्न विचारायचा राहतो : 'नेमकं काय होईल असं वाटतं?'

'लिफ्ट अडकेल' हे उत्तर अर्धवट आहे. लिफ्ट खरोखरच कधीतरी अडकतात, त्यामुळे ते खोटं ठरवायला जाणं म्हणजे हरलेली पैज. पुढे खोदायचं. अडकली तर काय? 'हवा संपेल.' लिफ्ट हवाबंद नसते, ही माहिती देऊन बघायची. मग बहुतेक वेळा खालचा थर लागतो : 'मला ते सहन होणार नाही, पाच मिनिटांत वेड लागल्यासारखं होऊन मी किंचाळायला लागेन.' हे तपासता येतं! त्यासाठी लिफ्ट अडकायची वाटही बघावी लागत नाही. छोट्या बंद खोलीत, दिवा मालवून, पाच नाही तर पंधरा मिनिटं उभं राहायचं.

कागदावर चार रकाने :
– काय होईल असं वाटतं (एक वाक्य, डोळ्याने दिसेल असं)
– खरं ठरण्याची खात्री किती टक्के
– प्रत्यक्षात काय झालं
– आता खात्री किती टक्के

पहिले दोन रकाने आत जाण्याआधी भरायचे. नंतर भरले तर मन लबाडी करतं, 'मला माहीतच होतं काही होणार नाही' म्हणतं आणि शिकणं वाया जातं.

जुनी समजूत अशी की भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. मिशेल क्रास्क आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या मांडणीनंतर भर बदलला. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते आणि दोघींची स्पर्धा चालते. म्हणून 'भीती किती उतरली' यापेक्षा 'अंदाज किती चुकला' हे महत्त्वाचं. भीती ७० वरच राहिली तरी पंधरा मिनिटं उभं राहता आलं, वेड लागलं नाही, म्हणजे सेशन यशस्वी. हे आधी सांगितलं नाही तर 'मला जमलंच नाही' म्हणत लोक दुसऱ्या आठवड्यात गळतात.

कातरवेळ

राहिलंच. सर्वांत जास्त घोळ कुबड्या घालतात. एक हात भिंतीला, फोन मुठीत, पाण्याची बाटली, सोबत बायको, मनात आकडे मोजणं, खिशात 'लागली तर' म्हणून एक गोळी. वीस वेळा लिफ्टने जाऊनही भीती जागची हलत नाही, कारण मन श्रेय बाटलीला देतं. कुबड्यांची यादी पहिल्याच सेशनला करायची आणि एकेक काढायची. सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्यांत एखादी ठेवली तर आभाळ कोसळत नाही, पण ती कधी जाणार हे लिहून ठेवायचं.

रातकिडा_सात

पॅनिकमध्ये भीती लिफ्टची नसते, स्वतःच्या छातीतल्या धडधडीची असते. म्हणून तिथे सामोरं जायचं ते शरीराच्या संवेदनांना. नेहमीचे व्यायाम :

– जोरजोरात, खोल, भराभर श्वास : १ मिनिट. चक्कर, मुंग्या, सगळं धूसर आणि परकं वाटणं.
– जागच्या जागी धावणं : १ मिनिट. धडधड, घाम.
– फिरत्या खुर्चीवर गरगर : १ मिनिट. भोवळ.
– नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास : २ मिनिटं. कोंडल्यासारखं.
– डोकं डावी-उजवीकडे हलवणं : ३० सेकंद.

प्रत्येकानंतर दोन आकडे : संवेदना किती तीव्र, आणि खऱ्या अटॅकशी किती मिळतीजुळती. ज्याचा दुसरा आकडा मोठा तो रोज करायचा, सलग तीन-चार वेळा, मध्ये लांब विश्रांती न घेता. चूक इथे होते : लोक बिचकत अर्धवट करतात, १५ सेकंदांत थांबतात, आणि मेंदूला पुरावा मिळतो की 'वेळेवर थांबलो म्हणून वाचलो'.

हृदयरोग, दमा, फिट्स, गरोदरपण, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये. आणि मुळात थेरपीच्या आधी एकदा थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, हृदयाचे ठोके, चालू औषधं (दम्याच्या पंपानेही धडधडतं), कॉफी-चहाचे कप आणि दारू यांची चौकशी व्हायलाच हवी. पण एकदाच. दर महिन्याला नवा ईसीजी काढत बसणं हीसुद्धा कुबडीच.

पाऊलखूण

मग दीर्घ श्वास घ्यायला सांगतात ते चूक का? सगळीकडे तेच तर शिकवतात.

रातकिडा_सात

चूक नाही, जागा चुकते. सततच्या काळजीत रोज ठरावीक वेळी सराव म्हणून शिथिलीकरण उपयोगी आहे. वर म्हटलेल्या नाइसच्या तत्त्वांत 'अप्लाइड रिलॅक्सेशन' (शिथिलीकरण शिकून ते रोजच्या प्रसंगांत वापरणं) सीबीटीच्या बरोबरीने दिलंय. पण पॅनिकमध्ये 'आता श्वास आवरला नाही तर मी जाणार' या भावनेने केलेला श्वास म्हणजे संकट खरं असल्याची कबुलीच. अटॅक काही मिनिटांत शिखरावर पोचतो आणि आपण काही केलं नाही तरी उतरतो. ते एकदा काही न करता बघायला मिळणं हा तिथला खरा धडा.

अवांतर : रक्त किंवा सुई बघून खरोखर बेशुद्ध पडणाऱ्यांना शिथिलीकरण शिकवणं तर उलटंच. बाकीच्या फोबियात रक्तदाब चढतो, यात आधी चढून मग धाडकन पडतो. त्यांच्यासाठी ओस्ट यांचीच ताण देण्याची युक्ती आहे : हात, पाय आणि धडाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचे, २० ते ३० सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. सोडताना पूर्ण सैल व्हायचं नाही, नेहमीच्या स्थितीपर्यंतच यायचं. सुई टोचायची असेल तर तो हात सैल ठेवून बाकीचं शरीर आवळायचं.

तिसरा_बाक

सोशल अँग्झायटीत नुसतं 'लोकांत मिसळा' सांगून भागत नाही, हे जोडतो. ती माणसं रोजच लोकांत असतात, कामावर जातात, तरी भीती जात नाही. कारण लक्ष आतच वळलेलं : माझा आवाज कापतोय का, तोंड लाल झालं का. क्लार्क आणि वेल्स यांच्या १९९५ च्या मांडणीवर बेतलेल्या उपचारात एक सुंदर प्रयोग आहे. अनोळखी माणसाशी पाच-पाच मिनिटं दोनदा बोलायचं. पहिल्यांदा नेहमीसारखं : वाक्यं मनात घोकून, कप घट्ट धरून, नजर चुकवत. दुसऱ्यांदा हे सगळं सोडून, लक्ष पूर्ण समोरच्याच्या बोलण्यावर. दोन्हींचं चित्रीकरण करायचं.

व्हिडिओ बघण्याआधी 'मी कसा दिसलो असेन' ते तपशिलात लिहून घ्यायचं, हात किती कापत होता तो कापून दाखवायचा, आणि मग बघायचं. अंदाज आणि पडदा यांतलं अंतर तासभराच्या समजावणीने साधत नाही. आणि घोकणं, नजर चुकवणं यामुळेच आपण तुटक वाटतो, हेही तिथेच दिसतं.

शंकेखोर

हे सगळं छान. पण हे करून घेणारा माणूस आणायचा कुठून? इथेच चर्चा हवेत जाते.

तिसरा_बाक

हवेत नाही जाऊ देत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ मध्ये जगात ३५ कोटी ९० लाख लोकांना चिंताविकार होता, आणि ज्यांना उपचार हवेत त्यांतल्या साधारण चौघांतल्या एकालाच (२७.६%) काहीतरी उपचार मिळतो. 'काहीतरी' यावर जोर द्या, त्यात सगळं आलं.

यावरची उत्तरं तीन दिशांनी आली आहेत.

एक, सरकारी पातळीवर पायरीपायरीने. इंग्लंडने २००८ मध्ये सुरू केलेल्या योजनेत माणूस डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट नाव नोंदवू शकतो. सौम्य त्रासाला आधी मार्गदर्शनासह स्वयंमदत, मग लागली तर पूर्ण थेरपी. सहा आठवड्यांत ७५% आणि अठरा आठवड्यांत ९५% लोकांचे उपचार सुरू व्हावेत, आणि उपचार पूर्ण करणाऱ्यांतले ५०% बरे व्हावेत असं उद्दिष्ट. तिथली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रत्येक सेशनला प्रश्नावली भरणं. त्यामुळे अर्ध्यात सोडलेल्यांचेही आकडे हाती राहतात, नाहीतर फक्त बरे झालेलेच मोजले जातात.

दोन, काम वाटून देणं. झिम्बाब्वेत २००६ पासून प्रशिक्षित आज्या बाकावर बसून समस्या सोडवण्याची थेरपी देतात. आरोग्य संघटनेचा 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' हा कार्यक्रम ९०-९० मिनिटांच्या पाच सेशनांचा, तो पदवी नसलेल्या पण देखरेखीखाली शिकलेल्या माणसांनी द्यायचा, आणि पुस्तिका फुकट. मात्र एक मेख आहे, जी उत्साहात कोणी सांगत नाही : त्यात ताण हाताळणं, समस्या सोडवणं, पुन्हा कामाला लागणं आणि माणसं जोडणं आहे, पण पॅनिक किंवा फोबियासाठी लागणारं एक्स्पोजर नाही. मिश्र ताण आणि उदासीला उत्तम, लिफ्टला नाही.

तीन, इंटरनेट. ते वेगळं लिहितो.

पाऊलखूण

ॲपबद्दल मीच लिहितो, कारण त्यात सर्वांत जास्त फसगत आहे. इंटरनेटवरची सीबीटी दोन प्रकारची. एकीत मागे माणूस असतो : आठवड्याला एक धडा, गृहपाठ, आणि थेरपिस्टचा दहा-पंधरा मिनिटांचा संदेश किंवा फोन. हिचे निकाल समोरासमोरच्या सीबीटीच्या आसपास येतात, विशेषतः पॅनिक आणि सोशल अँग्झायटीत. दुसरीत माणूस नसतो, आणि तिथे लोक दोन-तीन धड्यांत गळतात. सुंदर चित्रं आणि पावसाचा आवाज यांनी गळती थांबत नाही.

ॲप निवडताना एकच बघा : ते तुम्हाला खुर्चीतून उठवून काही करायला लावतं का, आणि केलं की नाही ते कोणी विचारतं का? नुसतं शांत करणारं ॲप हे खिशातल्या गोळीचंच भावंड.

उंबरठा

पाऊलखूण, +१.

भाषेचा मुद्दा मध्येच घालतो. प्रश्नावल्या बहुधा भाषांतरित असतात आणि 'तुम्हाला चिंताग्रस्त वाटले का?' असं विचारतात. मराठी माणूस असं कधी बोलतो? तो म्हणतो जीव घाबरा होतो, काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. पहिल्या सेशनला हे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले नाहीत तर पुढचं सगळं काम परक्या शब्दांवर चालतं. 'पोटात गोळा' हाच मोजायचा आकडा होऊ शकतो : दिवसातून किती वेळा आला, किती मिनिटं राहिला.

आणि मराठीत 'काळजी' म्हणजे प्रेमही असतं! 'काळजी करू नका' हे सततच्या काळजीवाल्याला 'प्रेम करू नका' असं ऐकू येतं. त्याऐवजी काळजीची वेळ बांधून द्यायची : रोज ३० मिनिटं, ठरलेली जागा, झोपायच्या आधी नाही. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत टिपायची आणि त्या वेळेला ढकलायची. त्या अर्ध्या तासात प्रत्येक ओळीला विचारायचं : यावर आज हाताने करण्यासारखं काही आहे का? असेल तर पहिली कृती लिहायची. 'जर-तर' असेल तर तपासायची तारीख टाकून ठेवायची. २०२० च्या एका छोट्या अभ्यासात २९ जणांनी असा हिशोब ठेवला, त्यांच्या साधारण ९१% काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. माणसं थोडी, पण वही दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

सरळरेघ

औषधांवर कोणी लिहिलं नाही, तर थोडक्यात. एसएसआरआय गटाची औषधं (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी, वरचं सर्ट्रालिन त्यातलंच) चिंताविकारांत काम करतात, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात अस्वस्थता उलट वाढू शकते, म्हणून मात्रा कमीपासून सुरू करतात. बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. थेरपीबरोबर घेण्यात काही वावगं नाही, त्रास जास्त असेल तर घ्यावीतच.

पॅनिकवर २००० मध्ये बार्लो आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. उपचार चालू असताना सीबीटी आणि इमिप्रामिन (एक जुनं नैराश्यविरोधी औषध) एकत्र घेतलेले पुढे होते, पण सगळे उपचार थांबवल्यानंतर प्लासिबोसह किंवा नुसती सीबीटी घेतलेल्यांचा फायदा जास्त टिकला.

झोपेच्या-शांत करणाऱ्या गोळ्यांची (बेंझोडायझेपाइन) गोष्ट निराळी. पॅनिकसाठी त्या देऊ नयेत असं नाइस म्हणते. सवय लागते हे सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत आहे ते हे की एक्स्पोजरच्या आधी गोळी घेतली तर शिकण्याचं श्रेय गोळी घेऊन जाते. मात्र रोज घेत असलेली गोळी हा धागा वाचून आज अचानक बंद करू नका. त्याने फिट येऊ शकते.

कातरवेळ

थेरपिस्ट निवडताना फोनवर विचारायचे प्रश्न. संकोच नको, डॉक्टर शस्त्रक्रिया कशी करणार हे आपण विचारतोच की.

१. माझ्या त्रासासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता आणि साधारण किती सेशन?
२. सराव सेशनमध्येच होतो का? गरज पडली तर खोलीबाहेर, लिफ्टपर्यंत, रस्त्यापर्यंत येता का?
३. प्रगती कशाने मोजता?
४. दोन सेशनांच्या मध्ये मी काय करायचं असतं?
५. सहाव्या सेशनपर्यंत फरक नसेल तर काय बदलता?

'प्रत्येक माणूस वेगळा असतो, बघू' हे पाचही प्रश्नांचं उत्तर असेल तर पुढचा नंबर फिरवा. दुसऱ्याला 'आधी मुळाशी जाऊ, लहानपण समजून घेऊ, मग बघू' असं उत्तर आलं तर ते वाईट आहे असं नाही, पण पॅनिकसाठी तो लांबचा रस्ता आहे. पदव्या आणि नोंदणीचे नियम देशोदेशी निराळे, तेवढं आपल्या ठिकाणचं तपासा : औषध लिहितो तो मानसोपचारतज्ज्ञ, थेरपी बहुधा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ देतो, आणि 'समुपदेशक' या पाटीमागे काहीही असू शकतं.

पाऊलखूण

आणि खिशाला चारच सेशन परवडत असतील तर?

कातरवेळ

तर ती सलग चार आठवड्यांत उडवू नका. तसं आधीच सांगून ठरवा. पहिलं : भीतीचा नकाशा, कुबड्यांची यादी, चार रकान्यांची वही. दुसरं लगेच पुढच्या आठवड्यात आणि शक्यतो लांब : थेरपिस्टच्या समोर प्रत्यक्ष सराव, कारण एकट्याने पहिल्यांदा करताना माणूस बिचकतो. मग तीन आठवडे रोज स्वतः. तिसरं सेशन फक्त अडलेल्या ठिकाणासाठी, चौथं दोन महिन्यांनी. हा संशोधनातून आलेला आराखडा नाही, तुटपुंज्या वेळेची वाटणी आहे, पण चार तास इतिहास सांगण्यात घालवण्यापेक्षा बरी.

गटातली थेरपी मिळत असेल तर नाक मुरडू नका. सोशल अँग्झायटीत गट हाच सराव. हाइमबर्ग यांच्या पद्धतीत सहाएक जण, अडीच तासांची १२ सेशन.

हे सगळं बाजूला ठेवून आधी मदत गाठायची वेळ कोणती, तेही लिहितो : जीव द्यायचे विचार येत असतील, खाणं-झोप कोसळली असेल, दारूवर दिवस चालला असेल. तिथे स्वयंमदत नाही. त्याच दिवशी डॉक्टर किंवा जवळची हेल्पलाइन.

तिसरा_बाक

लहान मुलांबद्दल एक महत्त्वाचं राहतंय. मूल थेरपीला यायलाच तयार नसेल तरी मार्ग आहे. एली लेबोवित्झ यांच्या पद्धतीत फक्त आईवडिलांबरोबर १२ सेशन होतात. २०२० मध्ये १२४ मुलांवरच्या (वय ७ ते १४) तुलनेत हे मुलाला थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी ठरलं नाही.

काम असं : घर मुलाच्या भीतीसाठी काय काय करतं त्याची यादी. रात्री शेजारी झोपणं, त्याच्या वतीने उत्तर देणं, तोच प्रश्न वीसदा विचारला तरी वीसदा 'काही नाही होणार' म्हणणं. त्यातली एकच गोष्ट निवडायची. मुलाला आधी सांगायचं : 'तुला खूप भीती वाटते हे मला कळतंय, आणि तुला ती पेलवेल अशी मला खात्री आहे. सोमवारपासून मी एकदाच उत्तर देईन.' दोन्ही वाक्यं लागतात. नुसतं पहिलं म्हटलं तर लाड, नुसतं दुसरं म्हटलं तर कोरडेपणा. आणि आईने थांबवलं पण आजोबांनी चालू ठेवलं की पहिल्या आठवड्यातच फुगा फुटतो, म्हणून घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवूनच सोमवार ठरवायचा.

शंकेखोर

शेवटचा प्रश्न. सहा सेशन झाली, फरक नाही. कसं ठरवायचं की पद्धत चुकतेय की वेळ लागतोय? आणि बरं झाल्यावर भीती परत आली तर सगळं पाण्यात का?

सरळरेघ

पहिल्यासाठी जीएडी-७ ही चिंता मोजायची प्रश्नावली दर सेशनला भरा. सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, बेरीज ० ते २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. २००६ ची प्रश्नावली आहे, वापरायला मोफत. एक-दोन गुणांची हालचाल म्हणजे वारा, त्यावर निष्कर्ष काढू नका. फोबियासाठी ती बोथट आहे, तिथे 'या आठवड्यात किती वेळा लिफ्टने गेलो' हेच माप.

माप हललं नाही तर क्रमाने तपासा : सेशनांच्या मध्ये सराव किती दिवस झाला? कुबडी राहिली का? तपासलेला अंदाज खालच्या थरातला होता का, की 'लिफ्ट अडकेल' यावरच थांबलो? नैराश्य, दारू किंवा झोपेची गोळी मध्ये आहे का? बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोनांत सापडतं. चारही ठीक असून हललं नाही तर मग पद्धत बदला, किंवा औषधाची जोड विचारा.

रातकिडा_सात

दुसऱ्यासाठी कातरवेळ यांनी वर दिलेलं उत्तरच पुढे न्यायचं : जुनी आठवण पुसलेली नसते, त्यामुळे ती डोकं वर काढते. तीन वेळा हमखास : बऱ्याच महिन्यांच्या खंडानंतर, नव्या जागी, आणि एखाद्या मोठ्या धक्क्यानंतर. म्हणूनच सराव एकाच लिफ्टमध्ये करायचा नाही. जुनी, नवी, काचेची, भरलेली, रिकामी, सकाळी, दमलेले असताना. जितकी सरमिसळ तितकं टिकाऊ.

उपचार संपताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या : माझ्या टाळाटाळीची पहिली खूण कोणती (उदा. दोन मजल्यांसाठी 'व्यायाम म्हणून' जिना), ती दिसली की त्याच दिवशी करायचा सराव कोणता, आणि किती दिवसांत सावरलं नाही तर फोन करायचा. थेरपिस्टकडे १, ३ आणि ६ महिन्यांच्या तारखा शेवटच्या सेशनलाच घ्या. बरं वाटत असलं तरी त्या रद्द करू नका, त्या दिवशी लिफ्टने वर जा आणि वही सोबत न्या.